ओट्यावरचं कौन्सिल

"आधी न झालेलं ऐका. झालेलं थोडं आहे, ते नंतर सांगतो."

हैदराबादहून परत आले की मेंबरसाहेबांचं पहिलं वाक्य हे असायचं. काचीगुड्याची गाडी दिवस मावळायच्या सुमाराला परभणीत यायची. टांग्यातून उतरून घरात शिरले की ते अंगातली काळी शेरवानी काढून खुंटीला अडकवायचे, न्हाणीत पाय धुवायचे आणि धोतर-बंडीवर बाहेर ओट्यावर येऊन बसायचे. तोवर अंगण भरलेलं असायचं. बाजाराला आलेले शेतकरी, गल्लीतले शिंपी, विणकर, आसपासच्या खेड्यांतून मुद्दाम थांबलेली माणसं. मग हे वाक्य. मग कौन्सिलात काय काय हरलं त्याची हकिगत.

मी तेव्हा नुकती लग्न होऊन सेलूहून त्या गल्लीत आले होते. आमचे हे तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. आमचं दार आणि मेंबरसाहेबांचा ओटा समोरासमोर. मधे एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला त्या माणसाची कीवच आली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बायकोला, काकूंना, विचारलं, "काकू, एवढं हरून आलेला माणूस चारचौघांना सांगत का बसतो?"

काकू सुपात तूर पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जिंकून आल्यावर सांगीन म्हणाले तर ही माणसं जन्मभर वाट बघतील गं."

तुम्ही आजचे लोक म्हणाल, मेंबर म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस. तसं नव्हतं. निजामाच्या राज्यात कायदे कौन्सिल होतं, पण त्यात बहुतेक सरकारने नेमलेले. निवडून येणारे हाताच्या बोटांवर. मेंबरसाहेब स्वतः वकील, त्यांना निवडलं होतं तेही वकिलांनीच. अंगणात बसलेल्या एकाही माणसाला मताचा अधिकार नव्हता. एकदा दैठण्याच्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, "सायब, आमी तर तुमाला निवडलं न्हाई. मंग आमाला कशापायी सांगायलाव?"

"माझे मतदार दोन बैलगाड्यांत मावतील, बाबा. त्यांना मी पत्र टाकतो," ते म्हणाले. "पण मी तिथं हात वर केला की ओझं तुमच्या डोक्यावर येतं. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याला आधी सांगितलं पाहिजे."

कुणी 'माय-बाप' म्हटलं की मात्र चिडायचे. "मी तुमचा बाप नाही! बापाला कुणी जाब विचारत नाही. मला विचारा."

कौन्सिलाचा सगळा कारभार उर्दूत. तो ते आमच्या भाषेत आणायचे, आणि आणताना प्रत्येक कलमाला एक बैल जुंपायचे. "समजा तुमचा बैल माझ्या रानात शिरला," अशी सुरुवात झाली की ओळखायचं, आता कायदा येणार. एका हिवाळ्यात मत म्हणजे काय ते लोकांना काही केल्या समजेना. कुणीतरी त्याच दिवशी हुरड्याची कणसं आणून दिली होती. अंगणाच्या कोपऱ्यात आगटी पेटली होती, वास सुटला होता.

"बरं," मेंबरसाहेब म्हणाले, "आता मतच घेऊ. मी पुढं बोलावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

दोन-तीन हात वर गेले, तेही संकोचाने.

"आता हुरडा खावा असं ज्यांना वाटतं त्यांनी."

सगळ्या अंगणाचे हात वर गेले. मेंबरसाहेब उठायला लागले आणि थबकले. "आतल्यांचं मत राहिलं की!" दाराआड आम्ही बायका उभ्या होतो. काकूंनी मला कोपराने ढोसलं. मी हात वर केला तशा बांगड्या वाजल्या, मागून आणखी वाजल्या. मेंबरसाहेबांनी कान देऊन ऐकलं. "आतूनही हुरडाच. सरकार हरलं!" म्हणाले, आणि आगटीपाशी सगळ्यांत आधी जाऊन बसले. माझ्या आयुष्यातलं पहिलं मत मी हुरड्याला दिलं.

हे सगळं कचेरीत कळतच होतं. एक दिवस आमच्या ह्यांना वरून समज मिळाली: त्या ओट्यावर बसायचं नाही, दारात उभं राहून ऐकायचंही नाही. घरी येऊन ह्यांनी मला तेवढं सांगितलं. संध्याकाळी समोर माणसं जमायला लागली तसं यांनी उठून दार लावलं. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने यांनी खिडकी उघडली आणि तिच्यापाशी पाट मांडला.

"अहो, समज मिळाली ना?"

"दाराची मिळाली," हे म्हणाले. "खिडकीचं कुणी काही बोललं नाही."

चंद्रभागेला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच खिडकीतून. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका लहान गावातली ती. गावकुसाबाहेर घर. अंगणाच्या पार टोकाला, माणसांपासून लांब बसली होती. सगळे बोलून झाल्यावर उठली.

"सायब, माजा मालक खाटंवर हाय. त्याचा पाय गेला."

तिचा नवरा किसन. दौऱ्यावर आलेल्या एका अंमलदाराचं सामान राणीसावरगावाला पोचवायचं म्हणून त्याला वेठीला धरला होता. अंगात ताप होता, तरी धरला. वाटेत चिखलात गाडी रुतली. सामान न उतरवता गाडी मागून रेटायला लावली. गाडी मागं सरकली ती त्याच्या पायावरून. अंमलदार दुसरी गाडी करून पुढं गेला. किसन वाटेवरच पडून होता.

वेठ तर सरकारने कधीचीच बंद केली होती, कागदावर. मेंबरसाहेबांनी कौन्सिलात सवाल टाकला. महिनाभराने ते परत आले. शेरवानी काढली, पाय धुतले, ओट्यावर बसले.

"न झालेलं ऐका. जवाब आला. वेठ बंद आहे, त्यामुळं अशी घटना घडलेली नाही."

अंगणाच्या टोकाहून चंद्रभागेचा आवाज आला. चढलेला नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं.

"घडली न्हाई? मंग त्याचा पाय कशानं मोडला, सायब?"

कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारे मेंबरसाहेब ओट्यावरून उतरले, माणसांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. "किसनला गाडीत घालून आणता येईल का, बाई?" एवढंच विचारलं.

पुढच्या बैठकीला जाताना त्यांनी किसनला बरोबर नेलं. चंद्रभागा कधी आगगाडीत बसलेली नव्हती, म्हणून काकूही निघाल्या. तिकडे त्याला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. पाय वाचला, पण जन्माचा अधू झाला.

ते परत आले त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची खिडकी तर होतीच.

"आधी न झालेलं," मेंबरसाहेब म्हणाले. "मी ठराव मांडला होता. दौऱ्यावरच्या अंमलदारानं गाडी-माणूस घेतला तर मोबदला द्यावा, आणि तक्रार त्याच अंमलदाराच्या हाताखाली चौकशीला जाऊ नये. ठराव पडला."

कुणी काही बोललं नाही.

"पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, जनाब, जी घटना घडलेलीच नाही तिच्यात मोडलेला पाय या घडीला इथल्याच दवाखान्यात आहे. बैठक उठल्यावर ज्यांना सवड असेल त्यांनी घरी जाताना बघून जावा."

"कुनी गेलं का, सायब?"

"एक म्हातारे नवाब गेले. सरकारनं नेमलेले. डाळिंबं घेऊन गेले. किसनच्या खाटेपाशी उभे राहिले, मग बसून डाळिंब सोलायलाच लागले. सोलून दाणे त्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी मत झालं तेव्हा माझ्या बाजूनं जे थोडे हात वर गेले त्यात त्यांचा होता. तो हात कौन्सिलात सरकारविरुद्ध वर गेलेला आजवर कुणी पाहिला नव्हता."

मग ते चंद्रभागेकडे वळले. "बाई, मला तुझ्यासाठी काही आणता आलं नाही."

ती उठून उभी राहिली. "ठराव पडला तर पडू द्या. पर घडलंच न्हाई, असं आता कुनी म्हननार न्हाई ना?"

"नाही. ते आता कौन्सिलाच्या कामकाजात लिहिलं गेलं. तुझ्या गावासकट."

"मंग झालं," ती म्हणाली आणि खाली बसली. मी बाजूला पाहिलं. आमचे हे खिडकीच्या गजावर कपाळ टेकून बसले होते.

पुढं आमच्या बाजूला दौऱ्यावरचे लोक जरा बिचकायला लागले. कुणी गाडी मागितली तर गाववाले हळूच म्हणायचे, "परभनीच्या मेंबरला कळवावं लागतंय, साहेब." कायदा झाला नव्हता, तरी एवढ्याने काम होऊन जायचं.

मग देश स्वतंत्र झाला आणि आम्ही मात्र निजामाच्याच राज्यात राहिलो. रझाकारांचे दिवस आले. मेंबरसाहेबांना इकडून निरोप येत, सरकारच्या बाजूने सही करा. तिकडून चळवळीवाल्यांचे निरोप येत, इतके दिवस त्या कौन्सिलात बसलातच कशाला. एका संध्याकाळी ते ओट्यावर आले आणि म्हणाले, "मेंबरकी सोडली. हात वर केला तर मोजत नाहीत, खाली ठेवला तर होकार धरतात. तुम्हाला काय सांगू मग?" त्या दिवसानंतर वकिलीही सोडली. पण माणसं यायची थांबली नाहीत. कुणाचा मुलगा धरून नेला, कुणाची गंजी जाळली. ते उठून त्यांच्याबरोबर चालू लागत.

त्या उन्हाळ्यात गल्ली रिकामी व्हायला लागली. आमच्या ह्यांनी रजा टाकली, माझ्या कडेवर मूल होतं. आम्ही सरहद्दीपलीकडे वाशीमला जायचं ठरवलं. काकूंनाही आमच्याबरोबर पाठवायचं मेंबरसाहेबांनी ठरवलं. पहाटे गाड्या जुंपल्या. त्यांनी स्वतः गाडीत कडबा पसरला, त्यावर घोंगडी घातली, हाताने दाबून पाहिली.

"तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"दोन-चार दिवसांत मागून येतो."

"खरं?"

"येतो म्हटलं ना." बोलताना ते बैलाच्या गळ्यातली घाटी नीट करत होते. न झालेलं आधी सांगणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते आम्हा दोघींनाही कळलं. काकू गाडीत चढल्या.

वाशीमला चातुर्मास लागला, श्रावण गेला. परभणीकडून कुणी आलं की काकू त्याला आधी पाणी द्यायच्या, मग विचारायच्या. कुणी म्हणे ते गंगाखेडकडे दिसले होते, कुणी म्हणे धरले गेले. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. दसऱ्यानंतर आम्ही परतलो. समोरच्या घराला कुलूप होतं. ओट्यावर गवत उगवलं होतं.

आम्ही आल्याचं कळून चौथ्या-पाचव्या दिवशी चंद्रभागा आली. ती दारात उभी राहिली तेव्हाच काकू समजल्या. म्हणाल्या, "आत ये. बसून सांग."

तिने सांगितलं. ज्यांना जाता येत होतं ते गावातून निघून गेले होते. मागे राहिली गावकुसाबाहेरची घरं, म्हातारे, आजारी. मेंबरसाहेब पायी फिरत त्या गावी आले. गाव सुनं पाहून म्हणाले, मी इथंच राहतो. तिच्याच घरात राहिले. रझाकार एकदा येऊन गेले, तेव्हा वाटेवर उभं राहून त्यांच्याशी उर्दूत बराच वेळ बोलले. रझाकार परत गेले. मग श्रावणातल्या पावसात मेंबरसाहेबांना ताप भरला. औषध आणायला वाट नव्हती.

"आमी लय केलं, काकू. मालक रातंदिस उशाशी बसून व्हता. जायच्या आदल्या दिशी भाकर मागून घेतली. अंबाडीची भाजी लय आवडली म्हनले."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

चंद्रभागा खाली बघत राहिली. "दुसरं कुनी नव्हतं, काकू. माज्या मालकानं दिला. चुकलं आसंल तर…"

"मला तिथं ने," काकू म्हणाल्या.

आम्ही गाडी करून गेलो. गंगेचं पाणी ओसरलं होतं, काठावर गाळ बसला होता, त्यावर कोवळं गवत. किसन काठी टेकत, एक पाय ओढत दरडीवरून खाली आला. त्याने काठीने दाखवलं ते पाणीच होतं.

"इथं. मंग पूर आला, अन् काठासकट समदं घेऊन गेला."

काकू त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. किसनही उभा होता, हात जोडून, अधू पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत. काकूंनी ते पाहिलं. त्या आधी गाळातच खाली बसल्या आणि शेजारची जागा हाताने साफ करून म्हणाल्या, "बस, दादा. पाय दुखत असेल."

तो क्षणभर घुटमळला, मग बसला. दोघंही नदीकडे बघत राहिली.