सुमनची वेणी

काल गादीवाल्यानं दारात नवा कापूस पिंजला. तो सरकीचा तेलकट वास आला आणि मला पांढरकवड्याची जिनिंग, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना, आठवली.

आम्ही दहावीत होतो. परदेशात जाणारा कापूस कसा निवडतात ते मुलींना शिकवायचं, असं शाळेचं आणि जिनिंगवाल्यांचं ठरलं होतं. कापसाच्या गाठीत केस सापडला तर माल परत येतो, म्हणून आम्ही डोक्याला फडकं घट्ट बांधायचो. त्या दिवशी माझ्या शेजारच्या सुमनचं फडकं सुटलं. मॅनेजरनं तिची वेणी मुठीत धरली, तिला ढिगापासून फरफटत नेलं आणि पोती कापायच्या कात्रीनं वेणी मानेपाशी कापली. कान चिरला. रक्त गळ्यावर आलं. आमचे सर म्हणाले, "शिस्त पाहिजेच."

सुमन रडली नाही. तिनं खाली पडलेली वेणी उचलली, तिचे पेड मोकळे केले आणि निवडलेल्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर सगळे केस उधळले.

"काय करून राह्यली तू?" मॅनेजर ओरडला.

"धाडा आता फॉरेनले," ती म्हणाली.

त्यानं तिला लाथ घातली. मला तेव्हा तिचाच राग आला होता, सगळ्यांचं शिकणं बंद पाडलं म्हणून.

काल गादी भरताना माझा एक पांढरा केस कापसात पडला. गादीवाला तो काढायला वाकला. मी म्हटलं, "राहू दे."