कोपर बुडवून बघणारी काकू

माझ्या काकूने पाणी कधी हाताने बघितलं नाही. ती कोपर बुडवायची. आंघोळीची बादली असो, पाय शेकायचं घमेलं असो, नाहीतर हॉटेलातलं बेसिन, आधी बाही वर आणि कोपर आत. "हाताचं काय घेऊन बसलीस मनू? भांडी घासून घासून निबर झालेला असतो तो. कोपर खरं सांगतं," म्हणायची. नाहूरच्या आमच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, आम्ही तिसऱ्या. पोरं तिला कोमटकाकू म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं, आणि हाक मारली की 'ओ'ही द्यायची.

मुंबईच्या उपनगरात थंडी ती काय पडणार! पण काकूचा स्वेटर दिवाळीच्या फराळाबरोबर बाहेर यायचा आणि होळी पेटल्यावर आत जायचा. गिझर घरात असून ती पाणी गॅसवर, पातेल्यात तापवायची. "गिझरचं पाणी कातडी तापवतं, हाडं नाही." यामागे शास्त्र काय, ते विचारायची सोय नव्हती. मात्र इमारतीत बाळ जन्मलं की त्याच्या पहिल्या आंघोळीला बोलावणं तिलाच यायचं. माझ्या लेकीच्या वेळी मी घाबरून थर्मामीटर आणला होता. काकूने तो बाजूला ठेवला, कोपर बुडवलं, तांब्याभर गार पाणी घातलं, पुन्हा बुडवलं आणि "हं, आता घाल," म्हणाली. पोर रडलीसुद्धा नाही.

अशा बाईला देवाने नवरा दिला तो बारा महिने गार पाण्याने आंघोळ करणारा. काका पहाटे उठून थेट नळाखाली बसत आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने 'हर हर गंगे' म्हणत. गरम पाणी म्हणजे आजाऱ्यांचे लाड, असं त्यांचं ठाम मत. "तुझ्या काकूला पंख्याचं चित्र दाखवलं तरी पडसं होतं," म्हणायचे. काकू आतून ओरडायची, "अहो, तुमचं रक्त म्हशीचं आहे, त्याला आम्ही काय करणार?" अख्खा संसार त्यांनी या एका भांडणावर मजेत रेटला.

त्यांचा मुलगा सुजय कॅनडात असतो. त्याने किती वेळा बोलावलं, पण काकू काही गेली नाही. "लोकं फ्रीजमध्ये भाजी ठेवतात. मी तिथे राहायला जाऊ?" शेवटी सुजयने हार मानली आणि एका जानेवारीत दोघांसाठी मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. तिथे हिवाळ्यातही उकडतं म्हणून. सोबतीला मला जोडून दिलं. सहलीत स्नॉर्केलिंगही होतं. म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं पडून समुद्राचा तळ बघायचा. मला वाटलं होतं, काकू हे ऐकूनच तिकिटं परत करील. पण ती हळूच म्हणाली, "तळ दिसतो? खरंच?"

काकू मालवणजवळच्या एका गावातली. वडील इथे गिरणीत लागले तेव्हा लहानपणीच मुंबईला आली. त्याआधी तिचा थोरला भाऊ समुद्रात बुड्या मारायचा आणि वर येऊन सांगायचा, खाली निळे मासे असतात, झाडं असतात, बागच आहे. मुलींनी पाण्यात उतरायचं नाही, त्यात ही काडीसारखी, वाऱ्यानेही कुडकुडणारी. तिचं काम भावाचे कपडे सांभाळत किनाऱ्यावर बसायचं. दादा थापा मारतो की खरं सांगतो, हे तिला कधी कळलं नाही, आणि आता विचारायला दादाही नव्हता. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. हे तिने मला बोटीवर चढता चढता सांगितलं, तेही 'काकांना सांगू नकोस, हसतील' अशा बोलीवर.

बोटीवरची आमची खोली एसीने गारठलेली. काकूने एसीच्या जाळीत टॉवेल कोंबला. सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली, तर तेल गोठलेलं. "बघ, तेलालाही थंडी वाजते," म्हणून तिने ती बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरली. कशाला, तेव्हा मी विचारलं नाही. लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर पोचल्यावर उलगडा झाला. नरकचतुर्दशीला लावतात तसं तिने नखशिखान्त तेल चोपडलं होतं! तेल लावलं की गारठा आत शिरत नाही, हे तिच्या आईचं वाक्य तिने समुद्रालाही लागू केलं होतं.

मुखवटा काही तिच्या चेहऱ्यावर टिकेना. लावला की घसरे, पुन्हा लावला की पुन्हा घसरे. आमचा गाईड तिकडचाच एक हसरा माणूस होता, पण तिच्या हाताला हात लागताच त्याचं हसू गेलं. "आंटी, तेल? तेल लगाके नहीं जा सकते. कोरल खराब होता है." काका पोट धरून हसले. "अगं, समुद्राला फोडणी देतेस काय!"

काकू हसली नाही. तिने मुखवटा काढला, माझ्या हातात दिला आणि वाळूत बसली. "जा तुम्ही. मी कपडे सांभाळते. सवय आहे मला."

मी तिला ओढतच किनाऱ्यावरच्या नळाशी नेलं, साबण मागून आणला आणि तिची पाठ, दंड, मान, सगळं खसखसून घासलं. मध्येच वळून बघते तर काका शेजारी उभे. दादाची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, पण हसणं बंद झालं होतं. त्यांनी आपला पंचा पुढे केला.

गाईडने तिला अंगभर रबरी सूट दिला. काकूचा शेवटचा प्रश्न ठरलेला होता. "पानी गरम है क्या?"

"अट्ठाईस डिग्री, आंटी. एकदम बढिया."

"अठ्ठावीस? अंगात ताप नसतो तेव्हाही सदतीस असतं. म्हणजे गारच की रे!"

तो म्हणाला, सुटात थोडं पाणी शिरणार, पहिल्यांदा झोंबणार. हलायचं नाही, घाबरायचं नाही. तेच पाणी तुमच्या अंगाने तापेल. काकूने कोपर बुडवलं, डोळे मिटले आणि उतरली. "अगो बाई!" ही तिची किंकाळी नाहूरपर्यंत गेली असेल. मग सांगितल्यासारखी ती न हलता थांबली. बघता बघता कपाळावरची आठी गेली. "मनू, तापलं गं! खरंच तापलं!" आणि तिने तोंड पाण्यात घातलं.

ती कितीतरी वेळ वर आलीच नाही. मी हात धरून होते; खाली काही दिसलं की ती माझी बोटं दाबायची. शेवटी तिने डोकं वर काढलं, मुखवटा सारला, आणि एरवी घरात कधी न बोलणारी काकू मालवणीत म्हणाली, "दादा खोटा नाय सांगी होतो गो."

इकडे काका उघड्या अंगाने उतरले होते. सूट म्हणजे लाड ना! जरा वेळाने ओठ निळे पडले, आणि परतीच्या होडीत चढल्यावर वारा लागला तशी दातखीळ बसायची वेळ आली. मी ज्या थर्मासवरून काकूला दिवसभर चिडवलं होतं, त्यातलं आल्याचं गरम पाणी तिने त्यांना पाजलं आणि स्वतःची माकडटोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. "वारा आहे जरा," काका म्हणाले. "हो तर," काकू म्हणाली, "म्हशीला वारा बाधतो."

त्यानंतर काकूला एक वाक्य मिळालं. नव्या नोकरीत माझं कोणाशी पटेना, रोज रडत यायचे, तेव्हा तिने आल्याचा चहा पुढे केला. "शिरू दे पाणी आत. झोंबतंय तोवर हलू नकोस. तुझ्याच अंगाने तापेल." नव्याने राहायला आलेल्या सुनांना, शाळेच्या पहिल्या दिवशी भोकाड पसरणाऱ्या पोरांना, सगळ्यांना तेच. अजूनही कुठे परक्या ठिकाणी पाऊल टाकताना मी मनात तेच म्हणते, आणि बहुतेक वेळा पाणी तापतं.

काकू गेली ती चहा गाळता गाळता, कोणाला काही करायची संधी न देता. सुजय पोचल्यावर तिला शवागारातून घरी आणलं. शेवटच्या आंघोळीची तयारी चालली होती. शेजारच्या एका बाईने घाईघाईत नळाची बादली भरून आणली. मी तांब्या घेतला, तेवढ्यात काका दारात आले. ते वाकले, सदऱ्याची बाही वर सारली आणि बादलीत कोपर बुडवलं.

"गार आहे," ते म्हणाले. "तिला नाही चालायचं."

सुजय गिझर लावायला उठला. काकांनी मान हलवली. "गिझरचं नको. पातेल्यात तापव."

मी गॅस पेटवला. पाणी तापेपर्यंत काका ओट्याशी उभे होते. मग बादलीत ओतलं, त्यांनी पुन्हा कोपर बुडवलं, तांब्याभर गार पाणी घातलं, पुन्हा बुडवलं.

"हं," ते म्हणाले. "आता घाल."