गुहेतला मळ

दोष नानांचा. आधीच सांगतो, नाहीतर शेवटी तुम्ही माझ्याकडे बघाल. नाना म्हणजे माझे चुलते, आणि पारनेरकडच्या आमच्या गुहेतल्या देवस्थानचे अध्यक्ष. मी केमिस्ट्री दुसऱ्या वर्षाला सोडली आणि टॉर्च घेऊन लोकांना लवणस्तंभ दाखवायला लागलो. छतातून चुन्याचं पाणी ठिबकून ठिबकून जे दगड लोंबतात, ते. पर्यटन खात्याचे साहेबलोक पाहणीला येणार होते. स्तंभ धड दिसले तर मला गाईडचं कार्ड मिळणार होतं. तेव्हापासून मी लोकांची तोंडं बघणं सोडलं, फक्त स्तंभाकडे जाणारे हात बघायचो. हात बघत बसलं की किस्से आपोआप साठतात.

*

नगरचे एक रिटायर गुरुजी काठीने स्तंभ ठोकून बघत होते.

"गुरुजी, तुटेल. वाढायचा थांबेल."

"वाढतो किती?"

"तुमच्या हयातीत नखाएवढासुद्धा नाही."

"मग थांबला तरी मला काय फरक पडतो?"

या माणसाने जन्मभर पोरं शिकवली.

*

पाथर्डीची एक मावशी कुंकवाचं बोट घेऊन स्तंभाकडे निघाली.

"मावशी, देव न्हाई तो. चुना हाय."

"मग तू चपला का काढल्या?"

"पाय घसरतो म्हणून."

"मंग माझं बोट घसरलं समज," म्हणाली आणि लावलं.

*

नाना पाव्हण्यांना गुहेचं वय सांगायचे. दिवाळीत दोन हजार वर्षं, शिमग्याला पाच हजार.

मी म्हणालो, "नाना, चार महिन्यांत तीन हजार वाढले?"

"तूच सांगतो ना, वाढतंय म्हणून."

*

पाहणीच्या दिवशी सकाळी मी साहेबांना आणायला फाट्यावर गेलो. परत आलो तर गुहेच्या तोंडाशीच डोळ्यांत झोंबलं. आत फसफस आवाज. नाना स्टुलावर उभे, हातात ब्रश, खाली फरशी धुवायच्या ॲसिडचा रिकामा कॅन. मधल्या मोठ्या स्तंभावरून पांढरा फेस गळत होता.

"बघ," नाना म्हणाले, "किती वर्षांचा मळ निघतोय."

"नाना, उतरा खाली. मळ न्हाई तो. दगड विरघळतोय."

"कॉलेज अर्धं सोडलेल्यानं मला शिकवू नये."

तेवढ्यात माझ्यामागून साहेब आत आले. टॉर्च स्तंभाच्या टोकावर मारली. टोक नव्हतं.

"इथली देखभाल कोण करतं?"

नाना स्टुलावरून उतरले, ब्रश माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा आमचा पुतण्या. केमिस्ट्री शिकलेला हाय."

कार्ड मिळालं नाही. मी आता राहात्याला पेरूच्या पेट्या भरतो.