डिसेंबरमधली गाडी

शोरूममध्ये परवा एक गृहस्थ विक्रेत्याला विचारत होते, "दसऱ्याला घेऊ, की डिसेंबरपर्यंत थांबू?" मला आमचे अप्पा आठवले.

निवृत्त झाल्यावर स्वतः गाडी चालवत कोकणात जायचं, एवढीच त्यांची हौस. किमतींचा त्यांनी पुरता अभ्यास केला होता. जाहिरातीतली किंमत खरी नव्हे, विमा आणि नोंदणी धरून पडते ती खरी, हे ते सगळ्यांना समजावत.

मी दर दसऱ्याला म्हणे, "अप्पा, घेऊन टाकू या."

"सणात कोण सवलत देतो? वर्ष संपताना बघू."

वर्ष संपताना नव्या मॉडेलची बातमी येई. जुनं आणखी उतरेल म्हणून ते पुन्हा थांबत. थांबलेल्या माणसाला आपण काही खर्च करतोय असं वाटतच नाही. त्या वर्षांत काचबिंदू त्यांची नजर कडेकडेने खात होता आणि ते त्यांनाही उमगलं नाही.

शेवटी एका डिसेंबरात किंमत खरंच उतरली. गाडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. बॉनेटवरून बराच वेळ हात फिरवून त्यांनी हळूच विचारलं, "रंग कोणता घेतलास गं?"

"पांढरा," मी म्हटलं आणि हाताला धरून त्यांना चालकाशेजारच्या सीटवर बसवलं.