न मिळालेला टॉवेल

मी माझ्या मेहुण्यांना नऊ वर्षं माफ केलं नाही आणि या नऊ वर्षांत त्यांची तब्येत उत्तम राहिली.

भाचीचं लग्न पोलादपूरला होतं. आमच्याकडे लग्नात माइकवरून एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपीचा मान देतात. त्या दिवशी गावचे पुढारी झाले, मंडपवाला झाला, टेम्पोचा ड्रायव्हरही झाला (तो झोपला होता, उठवून दिला!). सख्खा मामा, म्हणजे मी, टोपीसाठी केस चापून पहिल्या रांगेत बसलो होतो. माइक बंद झाला!

मी महाडच्या कोर्टात वकिली करतो. दाव्याला मुदत असते, रुसव्याला नसते. त्या दिवसापासून मी बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, रविवारी नव्या घराची घरभरणी आहे. आता नाही आलास तर पुन्हा बोलावणार नाही." आवाज रडवेला होता. मी विरघळलो.

"भावोजींना माफ करणार आहे. मोठ्या मनाने," मी बायकोला म्हणालो.

"मोठ्या आवाजात नको," ती म्हणाली.

एसटीत मी माफीचं भाषण पुटपुटत होतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुनाला माफ करताय?"

"मेहुण्यांना. भाचीच्या लग्नात मला टॉवेल-टोपी दिली नाही."

"सख्ख्या मामाला?" आजोबा हादरले. "मंग नका करू!"

तरीही केलं. दारातच भावोजींचे हात धरून म्हणालो, "झालं गेलं विसरलो. माफ केलं तुम्हाला!"

"कशाबद्दल?"

(नऊ वर्षं! आणि या गृहस्थांना पत्ताच नाही!) मी टॉवेलचं सांगितलं.

"अवो वकीलसाहेब, हळदीला तुमीच अर्धा तास बोललात ना? मानपान हा खुळचटपणा हाय, कुनीतरी बंद करायला हवा! मला पटलं. म्हटलं, तुमच्यापासूनच सुरुवात करू."

"मग बाकीच्यांना का दिलात?"

"त्यांना कुठं पटलं हुतं?"

बहीण हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. भावोजींनी लगेच माइक मागवला, माझं नाव तीनदा पुकारलं आणि टॉवेल-टोपी दिली. मी नको नको म्हणत डोकं पुढे केलं. पाठोपाठ मंडपवाल्याला दिली. मंडपवाला तोच होता.

जेवताना मी सहज दोन्ही टॉवेल शेजारी धरून पाहिले. माझा वीतभर आखूड निघाला. असो. भावोजींना मी माफ केलंय, ते केलंयच.

मंडपवाल्याचं बघू.