पोथी आणि चष्म्याची दांडी

आईच्या डोळ्यांसमोर मधोमध डाग आला आणि अक्षरं दिसेनाशी झाली. आमच्या वाडीत श्रावणातली पोथी तीच वाचायची. गेल्या वर्षी पोथी झालीच नाही, आणि अख्खा श्रावण आई माझ्यावर खेकसत राहिली. शेवटी वैतागून मी एक बोलणारा चष्मा मागवला.

दांडीवर एकदा बोट टेकवलं की तो समोरचं पान कानात वाचतो, दोनदा टेकवलं की थांबतो, बोट मागे सरकवलं की मागची ओळ. तोंडी सांगितलं तरी चालतं. मला वाटलं, आता ही माझं डोकं खाणार. कसलं काय! दुपारपर्यंत तिने सगळं आत्मसात केलं. माझ्याशी मालवणीत भांडणारी बाई चष्म्याशी मात्र तहसील कचेरीतल्या साहेबाशी बोलावं तशी शुद्ध बोलायची, "कृपया पुढे वाचा." तो कानात सपाट आवाजात ओवी सांगायचा, आणि मागोमाग ती आपल्या चालीवर म्हणायची. मी तोंडात बोट घालून ऐकत बसले.

घोडं अडलं ते भलतीकडेच. देवाचं नाव आलं की आईचे हात आपसूक गालांवर चापट्या मारून घ्यायचे, मग कान धरायचे. हात दांडीला लागला की चष्मा गप्प, नाहीतर भलत्याच ओवीवर.

"आये, हात आवर गो!" मी ओरडले.

"देवाचा नाव इला आणि हात गप बसले, तर ती कसली पोथी? त्यापेक्षा माका वाचूकच नको." तिने चष्मा काढून ठेवला. पोथी दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती. रडकुंडीला येऊन मी शेजारच्या काकीला सगळं सांगितलं. ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. काकी आईला खेटून बसली आणि तिच्या हातात चष्मा दिला. "घाल गो. बाकीचा माझ्यार सोड."

आईने दांडीवर बोट टेकवलं, सुरुवात केली. देवाचं नाव आलं, हात उचलायला लागले. काकीने ते एका हाताने मांडीवरच धरून ठेवले. दुसऱ्या हाताने आधी स्वतःच्या गालावर चापट मारली, मग दांडीला धक्का न लावता, अलगद, आईच्या गालावर.

"ही माझी, ही तुझी. तू वाच."

आई आपल्या चालीवर पुढे म्हणत गेली, ओवी तुटली नाही.