पाणी कुणाच्या नारळाचं

बाबा बोटीवर खलाशी होते तेव्हा सोबतच्या फिलिपिनो खलाशांनी त्यांना बॉक्सिंगचं वेड लावलं. निवृत्त होऊन पूर्णगडला आले ते हे वेड बरोबर घेऊनच. जगज्जेतेपदाच्या मोठ्या लढती तिकडे अमेरिकेत शनिवारी रात्री होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. मी नोकरीसाठी रत्नागिरीत राहते. शनिवारी घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळचे घावणे टीव्हीसमोर खायचे, हे ठरलेलं.

शेजारचे चाचा बरोबर सातला हजर होत. आखातात वर्षानुवर्षं शिंपीकाम करून परतलेला हा माणूस बाबांचा बालमित्र. बाबांच्या हातात जुन्या कॅलेंडरचं उलटं पान आणि जाड मार्कर असे. प्रत्येक फेरी संपली की जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, खाली पडला असेल तर आठ. आकडे एवढाले मोठे की बारा फेऱ्यांना तीन पानं लागत. शेवटी टीव्हीवर तीन पंचांचे गुण जाहीर झाले आणि ते बाबांच्या गुणांशी जुळले नाहीत, की आमच्या घरात रणकंदन.

"ह्या तिघांना जेट्टीवर नेऊन बसवा," बाबा म्हणायचे, "बांगडा कुठला नि तारली कुठली, ता सुद्धा कळायचा नाय मेल्यांना!"

मला मात्र चाचांचा राग यायचा. लढत सुरू झाल्यापासून त्यांचं तोंड बंद म्हणून व्हायचं नाही. "लाल चड्डीवाल्यानं पोटात दिला... निळा मागं सरला... उजवा मारला, हुकला." हे बारा फेऱ्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "चाचा, आम्हाला दिसतंय हो!" ते नुसते हसले, आणि पुढच्या फेरीला पुन्हा सुरू. बाबांनी मलाच गप्प केलं.

या वर्षी एका लढतीत बाबांचा लाडका बॉक्सर गुणांवर पुढे होता. अचानक त्याच्या भुवईतून रक्त आलं. "डोकं लागलं रे, डोकं!" चाचा ओरडले. पण रिंगमधल्या पंचाने ठोशाने जखम झाली असा निर्णय दिला. डॉक्टरने लढत थांबवली. ठोशाची जखम, म्हणून हा हरला. डोक्याची टक्कर धरली असती तर तोवरचे गुण मोजून हाच जिंकला असता. टीव्हीवर तो क्षण सावकाश दाखवला, तर कपाळावर कपाळ आपटलेलं स्पष्ट दिसत होतं. जगज्जेतेपदाचा पट्टा मात्र दुसऱ्याच्या कमरेला.

बाबा त्या पंचावर पंधरा दिवस धुमसत होते. "पट्टा परत नको देऊस, पण उभा राहून सांग तरी, माझा चुकला म्हणून. एवढा पण होत नाय?"

मग नारळी पौर्णिमा आली. आमच्या जेट्टीवर त्या दिवशी नारळ लढवतात. एकाने नारळ तळहातावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ वरून त्याच्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बाबा परतल्यापासून पंच कायम तेच. बॉक्सिंगचे नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला दुसरं कोण पंच करणार?

चाचा लहानपणापासून, गावात असतील त्या वर्षी, खेळत आलेले, पण शेवटच्या लढतीत हटकून हरायचे. या वर्षी त्यांनी परसातल्या माडाचा एक नारळ नखाने वाजवून निवडला आणि महिनाभर तांदळाच्या पिंपात जपला. "औंदा जिंकलो तर जिंकलो गो," मला म्हणाले. "पुढच्या वर्षी मनगट साथ देयाचा नाय." त्यांचा हात थरथरायला लागला होता, ते मीही पाहिलं होतं.

मीही खेळते, आणि नशीब बघा, शेवटच्या लढतीत त्यांच्यासमोर मी. त्यांनी नारळ धरला, मी आपटला. काड्कन आवाज आला, पाणी उडालं, चाचांच्या मुठीवरून ओघळलं. बाबांनी वाकून त्यांच्या नारळावरून बोट फिरवलं, बोट ओलं झालं, आणि त्यांनी माझा हात वर केला. चाचा क्षणभर बाबांकडे बघत राहिले. मग स्वतःचा नारळ माझ्या पिशवीत टाकून टाळ्या वाजवायला लागले. मी आनंदाने नाचत होते. माझा नारळ बघायचं मला सुचलंच नाही, याची अजून लाज वाटते.

संध्याकाळी नारळीभातासाठी पिशवी उघडली तर तळ ओला. माझ्या नारळाला डोळ्यापासून पोटापर्यंत बारीक चीर. चाचांचा नारळ हलवला, आत पाणी खुळखुळलं. एक रेघसुद्धा नव्हती त्याच्यावर.

मी तरातरा पडवीत गेले. "तुम्ही त्या पंचाला शिव्या घालता! हे बघा!" बाबांनी दोन्ही नारळ हातात घेतले. नाकाशी नेले. चीर बोटाने चाचपली. चप्पल घातली आणि चाचांचा नारळ घेऊन निघाले. मी मागोमाग.

"माझा चुकला," चाचांच्या दारातच बाबा म्हणाले. "तू जिंकलास."

"ठाव हाय मला," चाचा म्हणाले. "पाणी वरनं आला. माझा तळवा सुका होता."

"मग बोललास का नाय?"

चाचांनी बाबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "चार लोकांत काय बोलू? पंचाला दिसत नाय म्हणून?"

बाबा ओटीवर खाली बसले. मला ते मोठाले आकडे आठवले, जाड मार्कर आठवला, आणि माझंच ते 'आम्हाला दिसतंय हो' आठवलं. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि मी, दर आठवड्याला शेजारी बसणारी मुलगी, त्याच्या मित्राला गप्प बसवत होते. मला तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा जेट्टीवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काल निकाल चुकला. माझ्या डोळ्यांना दिसला नाय. जिंकला हा." चाचांनी नारळ डोक्यावर धरला. ते सत्तरीचे आहेत असं त्या वेळी कुणी म्हटलं नसतं. पुढच्याच आठवड्यात मी बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन रत्नागिरीत करून घेतलं.

त्या रविवारी बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. टीव्ही बघायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती, म्हणून त्यांची पाठ टीव्हीकडे. कॅलेंडरचं पान आणि मार्कर माझ्या हातात. पहिली फेरी सुरू झाली. चाचा माझ्याकडे बघून जरा दबकतच बोलायला लागले.

"चाचा," मी म्हटलं, "जरा मोठ्याने सांगा."